हॉटेलच्या खोलीत पाणी वाहून नुकसान झालं, तर भरपाई कुणी आणि किती द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रात्री उशिरा खोलीवर आलेल्या एका पाहुण्याने बाथटब भरायला नळ सोडला, पलंगावर जरा आडवा झाला आणि त्याला झोप लागली. जाग आली ती रिसेप्शनच्या फोनने. तोवर पाणी खोलीतल्या गालिच्यात मुरलं होतं आणि खालच्या मजल्यावरच्या खोलीचं फॉल्स सीलिंग फुगून कोपऱ्यातून खाली आलं होतं. चेक-आउटच्या वेळी हॉटेलने हिशेब पुढे ठेवला: खोलीचा आणि बाहेरच्या पॅसेजचा नवा गालिचा, खालचं पूर्ण छत, कपाट, गाद्या आणि दोन्ही खोल्यांचं तीन आठवड्यांचं भाडं. आधार म्हणून चेक-इनच्या कार्डावरची 'खोलीतील कोणत्याही नुकसानीस पाहुणा जबाबदार राहील' ही ओळ दाखवली आणि काही रक्कम कार्डावरून कापूनही घेतली. पाहुण्याचं म्हणणं असं, की हा अपघात होता, मुद्दाम काही केलेलं नाही, मग हे सगळं मी का भरायचं?

मी मालमत्तेच्या नुकसानीचे सर्व्हे करतो आणि त्यात पाण्याची प्रकरणं सतत येतात. अशा भांडणात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. चूक कुणाची, हा एक. त्या चुकीतून नेमकं किती नुकसान झालं, हा दुसरा. पाहुणे सगळा जोर पहिल्या प्रश्नावर लावतात, 'मी मुद्दाम केलं नाही' हे पुन्हा पुन्हा सांगतात आणि दुसऱ्या प्रश्नावर हॉटेलचा कागद जसाच्या तसा मान्य करून मोकळे होतात. खरा पैसा दुसऱ्या प्रश्नात असतो.

आधी पहिला प्रश्न. 'अपघात झाला' हा दिवाणी जबाबदारीतून सुटण्याचा मार्ग नाही. हेतू पाहतो तो फौजदारी कायदा. मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा ठरायला हेतू, जाणीव किंवा निदान बेदरकारपणा लागतो, त्यामुळे झोप लागलेल्या माणसाला कुणी पोलिसांची भीती घालत असेल तर त्या धमकीत फारसा दम नाही. भरपाईसाठी मात्र एवढंच पाहिलं जातं, की साधारण शहाणा माणूस तुमच्या जागी असता तर त्याने काय काळजी घेतली असती. टबचा नळ सोडून पलंगावर आडवं होणं या कसोटीवर टिकत नाही. विचारणाऱ्याला हे ऐकायला कडू वाटेल, पण इथे निष्काळजीपणा झालेला आहे आणि तो नाकारत बसण्यात वेळ घालवू नये.

पण 'तुमच्या खोलीतून पाणी आलं' एवढ्याने कुणाचीही चूक सिद्ध होत नाही. बेसिनखालचा किंवा कमोडच्या टाकीचा वेणीदार फ्लेक्झिबल पाइप फुटला, अँगल कॉकची (भिंतीतून येणारं पाणी बंद करायच्या छोट्या कॉकची) आटी सुटली, टबच्या कडेचं सिलिकॉन फाटून पाणी आत झिरपत राहिलं, तर ते देखभालीतलं अपयश आहे आणि ते हॉटेलचं आहे. एसीच्या पाण्याचं ट्रे तुंबून गालिचा भिजणं हाही असाच प्रकार. तो डाग हमखास पाहुण्याने काही सांडल्याच्या खात्यात टाकला जातो. डाग एसीच्या बरोबर खाली, भिंतीलगत असेल आणि वर भिंतीवर ओघळ दिसत असतील, तर पाणी कुठून आलं हे वेगळं सांगायला नको.

1913 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश वसाहतींतली अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या वरिष्ठ न्यायपीठाने) निकाली काढलेला रिकार्ड्स विरुद्ध लोथियन हा ऑस्ट्रेलियातला खटला याच विषयातला आहे. इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या बेसिनचा निचरा कुणा अज्ञाताने मुद्दाम बुजवून नळ पूर्ण सोडून दिला आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला. इमारत चालवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, असा निकाल लागला. घरात नळाचं पाणी खेळवणं हा जागेचा नेहमीचा वापर आहे. धोक्याची वस्तू साठवली म्हणून चूक नसतानाही भरा, हा 1868 च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लिश खटल्यातला कडक नियम त्याला लागत नाही. इंग्लिश वळणाच्या कायद्यात म्हणूनच चूक दाखवावी लागते. सगळीकडे तसं नाही. रोमन कायद्यात घरातून बाहेर काही ओतलं किंवा फेकलं गेलं तर ते कुणी केलं याचा शोध न घेता त्या जागेत राहणाऱ्याकडूनच भरपाई घ्यायची सोय होती. तिचा वारसा स्पेनच्या दिवाणी संहितेच्या कलम 1910 मध्ये आजही आहे आणि तिथली न्यायालयं वरच्या घरातून खाली गळणाऱ्या पाण्यालाही ते कलम लावतात. तेव्हा प्रवास कुठल्या देशात होता हे आधी पाहा.

आता विचारणाऱ्याच्या बाथरूमकडे येऊ. बहुतेक टबांना वरच्या कडेखाली एक भोक असतं, जादा पाणी जायची वाट. बाथरूमच्या जमिनीला उतार आणि जाळी असेल, तर ती दुसरी वाट. साधारण टब दीडशे ते दोनशे लिटरांत भरतो. नळातून मिनिटाला बारा लिटर पाणी येत असेल तर अर्ध्या तासात साडेतीनशे लिटरांहून जास्त पाणी येतं. टब भरल्यावरचं पाणी वरच्या भोकातून जायला हवं. तिथून न मावलेलं जमिनीवरच्या जाळीतून. दोन्ही वाटा चालू असतील तर पूर्ण सोडलेला नळसुद्धा बराच वेळ फक्त बाथरूम ओलं करतो. पाणी खोलीत आणि खालच्या मजल्यावर पोचलं याचा अर्थ यातली एखादी वाट बंद होती, किंवा मुळात नव्हती. भोकामागे साबणाचा थर आणि केस साचलेले असतात, जाळीखालचा ट्रॅप (निचऱ्याच्या पाइपचा कचरा साठणारा भाग) महिनोन्महिने उघडलेला नसतो. कधी नूतनीकरणात फरशीवर फरशी बसवून उतारच उलटा होतो आणि पाणी जाळीऐवजी दाराकडे धावतं. शिवाय खालचं छत इतक्या लवकर कोसळलं असेल तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग तपासायला हवं. कित्येक देशांत मात्र बाथरूमच्या जमिनीला निचराच ठेवत नाहीत. तिथे ओव्हरफ्लोच्या भोकाचं महत्त्व दुप्पट होतं.

याचा उपयोग असा, की तुमची चूक पुसली जात नाही, पण हॉटेलची चूक तिच्या शेजारी येऊन बसते आणि भरपाई वाटली जाते. किती टक्के, हे पुराव्यावर ठरतं. म्हणून त्याच रात्री, नाही तर सकाळी सफाई होण्याआधी, मोबाइलवर व्हिडिओ घ्या: टब भोकापर्यंत भरून पाणी तिथून जातं की वर चढतं ते दिसू द्या, मग मॅनेजरसमोर एक बादली पाणी जाळीजवळ ओतून ते किती वेळात जातं ते दिसू द्या. या दोन साध्या चाचण्यांनी मी प्रकरणाची दिशा बदललेली पाहिली आहे. आठवड्याने ट्रॅप साफ झालेला असतो आणि मग काहीच सिद्ध होत नाही.

आणखी दोन प्रकार विचारणाऱ्याचे नाहीत, पण इतके वारंवार येतात की लिहितो. एक, पाणी नसताना नळ फिरवून पाहिला, उघडाच राहिला, माणूस बाहेर गेला आणि मागून पाणी आलं. ही पाहुण्याची चूक आहे; मात्र पाणी बंद ठेवल्याचं हॉटेलला माहीत होतं आणि खोल्यांमध्ये कळवलं नव्हतं, तर त्यांचाही वाटा मोठा. दुसरा प्रकार स्प्रिंकलरचा. छतावरच्या किंवा भिंतीवरच्या स्प्रिंकलरला लोक कपड्यांचा हँगर अडकवतात. त्याच्या तोंडाशी एक छोटी काचेची कुपी असते. लाल द्रवाची कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटावी अशी बनवलेली असते, पण हँगरच्या ओढीने ती तडकली तर आग नसतानाही पाणी सुटतं. नेहमीच्या प्रकारच्या हेडमधून एक बार दाबाला मिनिटाला सुमारे 80 लिटर पाणी येतं, तेही पाइपात साठून काळं पडलेलं, आणि ते खोलीतून बंद करता येत नाही. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुटत नाहीत, ज्याची कुपी फुटली तोच सुटतो. पण त्या एकानेही खाली दोन मजले भिजतात. शेजारी 'इथे काही टांगू नका' अशी सूचना असेल आणि कपड्यांसाठी हुक दिलेले असतील, तर पाहुण्याला बचाव उरत नाही.

आता रकमेकडे. भरपाईचं मूळ तत्त्व इतकंच आहे, की नुकसान होण्याआधी हॉटेल ज्या स्थितीत होतं त्या स्थितीत त्याला आणून ठेवायचं, त्याहून चांगल्या स्थितीत नाही. गालिच्याचं आयुष्य आठ वर्षं धरलं आणि तो सहा वर्षं वापरलेला होता, तर तुमच्याकडून नव्या गालिच्याच्या किमतीचा पाव भाग मागता येईल. बाकीचा पैसा हॉटेलला दोन वर्षांनी खर्चायचाच होता. म्हणून प्रत्येक वस्तूची खरेदीची तारीख आणि बिल मागा. बिल नाही म्हणाले, तर शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते लेखी विचारा. घसारा, म्हणजे वापराने घटलेली ही किंमत, मात्र सगळ्यालाच लावू नका. छताचा भिजलेला जिप्सम बोर्ड बदलणं ही दुरुस्ती आहे, ती पूर्ण द्यावी लागेल; आणि एक कोपरा बदलल्यावर रंगातला फरक दिसतो म्हणून त्या खोलीचं पूर्ण छत रंगवण्याची मागणीही रास्त आहे. पॅसेजचा गालिचा 'रंग जुळावा' म्हणून बदलायचा असेल तर ती हॉटेलची आवड झाली, तुमचं देणं नाही. अर्थात पाणी दाराबाहेर गेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही फोटोत दिसायला हवं.

गाद्यांबद्दल मला विशेष शंका आहे. टबातून आलेलं पाणी जमिनीवरून पसरतं, ते पलंगावर चढत नाही. खालच्या खोलीत वरून पडलेल्या पाण्याने गादी भिजू शकते, वरच्या खोलीतली कशी भिजली हे हॉटेलने सांगावं. कपाटाचं तसंच: प्लायवूडचं असेल तर खालची पट्टी बदलून भागतं, पार्टिकल बोर्डचं असेल तर पाय फुगून ते खरोखर निकामी होतं. बदललेलं सामान हॉटेल दुसरीकडे वापरत असेल किंवा विकत असेल, तर ती रक्कम वजा झाली पाहिजे. आणि बिलावरच्या ज्या कराचा परतावा हॉटेलला मिळतो, तो कर हे नुकसान नव्हे.

भाड्याच्या मागणीत सर्वांत जास्त फुगवटा असतो, म्हणून इथे थांबून पाहा. खोली बंद राहिली म्हणून उत्पन्न बुडालंच असं नाही. त्या दिवसांत हॉटेलात इतर खोल्या रिकाम्या होत्या का? असतील, तर येणारा पाहुणा दुसऱ्या खोलीत गेला आणि हॉटेलचं भाडं बुडालंच नाही. सगळं हॉटेल भरलेलं असेल, तरीही पूर्ण भाडं मिळत नाही. खोली लागली नाही म्हणून वाचलेला धुलाईचा, न्याहारीचा, विजेचा, बुकिंगच्या कमिशनचा खर्च त्यातून वजा होतो. भाडंही दारावर लिहिलेलं नव्हे, त्या काळात प्रत्यक्षात मिळणारं सरासरी धरायचं. मग दिवस. गालिचा उचलणं, सुकवणं, छत बसवणं, रंग या कामांना तीन आठवडे का लागले? ठेकेदार उशिरा आला, मालाची ऑर्डर उशिरा गेली, तर ते दिवस तुमचे नाहीत. त्या तारखांचा रोजचा खोल्यांचा तक्ता मागा. खरा दावा असलेलं हॉटेल तो दाखवतं.

उशिराचा आणखी एक परिणाम म्हणजे बुरशी. भिजलेली जागा 24 ते 48 तासांत सुकवली तर बुरशी सहसा धरत नाही. पाणी ओढून घेणं, गालिचा उचलून खालचा फोम काढणं, पंखे आणि हवेतली ओल ओढणारे डीह्युमिडिफायर लावणं हे हॉटेलने तातडीने करायला हवं. खोली कुलूप लावून चार दिवस तशीच ठेवली आणि मग भिंतीचा कागद बुरशीने काळा पडला म्हणून मागणी आली, तर ती नाकारा. नुकसान सोसणाऱ्याने ते वाढू न देण्याचा प्रयत्न करायचा असतो, हे तत्त्व जवळपास सगळ्या कायद्यांत आहे; भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 मध्येही नुकसान आवरण्याची जी साधनं उपलब्ध होती ती हिशेबात घ्यायला सांगितलं आहे.

चेक-इन कार्डावरच्या ओळीबद्दल. तिने तुमची जबाबदारी तयार होते, पण हवा तो आकडा लावायची मुभा मिळत नाही. करारात दंडाची रक्कम आधीच लिहिलेली असली तरी भारतात त्याच करार कायद्याच्या कलम 74 खाली वाजवी भरपाईच मिळते, तीही लिहिलेल्या रकमेच्या आत. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत न्यायाधीशाला अवाजवी दंड कमी करता येतो. युरोपीय संघात 1993 च्या निर्देशानुसार ग्राहक करारातल्या एकतर्फी अन्यायकारक अटी ग्राहकाला बांधत नाहीत. फाटलेल्या पाइपचाही भार पाहुण्यावर टाकू पाहणारी 'कोणत्याही नुकसानीस' ही भाषा अशा कसोट्यांवर अडखळते.

विम्याचं लोक शेवटी विचारतात, ते आधी विचारायला हवं. हॉटेलच्या मालमत्ता विम्यात पाण्याच्या टाक्या, पाइप, उपकरणं फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान बहुधा धरलेलं असतं. हॉटेलला विचारा, लेखी: दावा केला आहे का, किती मंजूर झाला? एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. पण इथे एक बारकावा आहे. विमा कंपनीने हॉटेलला पैसे दिले म्हणून तुम्ही सुटत नाही. ती कंपनी हॉटेलच्या जागी उभी राहून तुमच्याकडून वसुली करू शकते. हॉटेलकडे तुमच्याविरुद्ध उरतो तो विम्याने न दिलेला भाग.

तुमच्या बाजूने, प्रवास विमा घेतलेला असेल तर त्याची पॉलिसी उघडा आणि त्यातला 'वैयक्तिक दायित्व' हा भाग (तुमच्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) वाचा. घराच्या विम्यातही असं कलम असू शकतं. जर्मनीसारख्या देशात हा विमा लोक स्वतंत्रपणेच घेतात. बहुतेक पॉलिसींत तुमच्या ताब्यातल्या मालमत्तेचं नुकसान वगळलेलं असतं. तुमची खोली तुमच्या ताब्यात होती, त्यामुळे ती वगळली जाऊ शकते, जोवर 'तात्पुरत्या निवासाची जागा' असा अपवाद दिलेला नसेल. खालची खोली मात्र तुमच्या ताब्यात कधीच नव्हती. तिथलं छत, कपाट, तिथे उतरलेल्या पाहुण्याचा भिजलेला लॅपटॉप, हे सगळं विम्यात बसू शकतं. दोन्ही खोल्यांचा हिशेब वेगवेगळा करून घ्या, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी. कामाच्या दौऱ्यावर असाल तर कंपनीलाही लगेच कळवा, तिची पॉलिसी असू शकते.

याच पॉलिसीत आणखी एक अट असते: विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही. त्या पहाटे घाबरून 'सर्व नुकसान मी भरून देईन' असं लिहून दिलंत तर विमा हातचा जाऊ शकतो. वाईट वाटलं हे जरूर सांगा. पाणी कसं आलं हेही खरं सांगा. कोऱ्या किंवा 'होईल तो खर्च' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. रात्रभर न झोपलेल्या, विमान गाठायच्या घाईत असलेल्या माणसाकडून काउंटरवर अशा सह्या घेणं मला चुकीचं वाटतं आणि मी हॉटेलवाल्यांनाही हेच सांगतो. तसंच पाहुण्यांनाही सांगतो, की टॉवेल टाकून ओल झाकून निघून जाऊ नका. लपवल्याने नुकसान वाढतं, तुमची बाजू पडते आणि कित्येकदा त्याचा जाब खोली साफ करणाऱ्या मुलाला किंवा बाईला द्यावा लागतो.

पाणी दिसताक्षणी नळ बंद करा, बंद होत नसेल तर अँगल कॉक फिरवा, आणि लगेच रिसेप्शनला फोन करा. फोनची वेळ हॉटेलच्या नोंदीत राहते आणि पुढे तुमच्या उपयोगी पडते. खालच्या खोलीत दिव्यातून पाणी गळत असेल, तर तिथला वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करायला सांगा. भिजल्या हाताने बटणं दाबू नका.

विचारणाऱ्याने आता काय करावं? कार्ड देणाऱ्या बँकेकडे आजच हरकत नोंदवा, कारण तिला मुदत असते. 'रक्कम वादग्रस्त आहे, तपशीलवार हिशेब मिळालेला नाही' एवढं पुरेसं आहे. हॉटेलला एक साधं पत्र लिहा: घटना मान्य, निचऱ्याच्या अवस्थेबद्दल प्रश्न, प्रत्येक वस्तूचं वय आणि बिल, दोन्ही खोल्यांचा वेगळा हिशेब, त्या दिवसांचा खोल्यांचा तक्ता, विम्याच्या दाव्याची माहिती. तुमच्याकडे वर सांगितलेले फोटो नसतील, तर हॉटेलने किंवा त्यांच्या सर्व्हेयरने काढलेले मागा. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींवरून माझं मत असं: वरच्या खोलीच्या गालिच्याची घसारा वजा जाता किंमत, पाणी ओढण्याचा आणि सुकवण्याचा खर्च, खालच्या छताची दुरुस्ती आणि थोड्या दिवसांचं खरोखर बुडालेलं उत्पन्न एवढं तुमच्याकडे येऊ शकतं, आणि ओव्हरफ्लो तुंबलेला निघाला तर त्यातूनही काही भाग कमी होईल. पॅसेज, वरच्या गाद्या आणि तीन आठवडे मला टिकताना दिसत नाहीत.

तुमच्या विमा कंपनीला कळवून तिची संमती घेतल्यावरच तडजोड करा. पैसे देताना 'जबाबदारी मान्य न करता' असं लिहून द्या आणि पावतीवर ही रक्कम पूर्ण व अंतिम आहे, याच घटनेबद्दल हॉटेलच्या विमा कंपनीचीही पुढे मागणी राहणार नाही, अशी ओळ घालून मॅनेजरची सही आणि शिक्का घ्या. हॉटेल ती ओळ लिहायला तयार नसेल, किंवा विमा कंपनीने त्यांना आधीच पैसे दिले असतील, तर त्यांच्या विमा कंपनीकडून तसं पत्र येईपर्यंत पैसे देऊ नका.